धुतलेली अंडी

अंडेवाली बसल्या जागेवरून उठत नसे. गिऱ्हाईक समोर उभं आहे, वयानं थोर आहे, गुडघे दुखतात म्हणून एका हातानं खांब धरून आहे, तरी हिचं बूड स्टुलावरून चार बोटं वर येईल तर शपथ. मान न वळवता मागे हात घालणार, अंडी काढणार, पिशवीत टाकणार आणि पिशवी हातात न देता फळीवर ठेवणार. घ्यायची तर घ्या. काकूंच्या मते हा शुद्ध माज होता. अंडं कोंबडी घालते, पण तोरा असा की जणू रोज पहाटे उठून हीच घालते!

काकूंनी तिला हे तोंडावर सांगितलंही होतं. "बाई गं, पाय आहेत ना तुला?"

"आहेत की. पण अंड्यांना तुम्हाला बघून उभं राहायची सवय नाही, काकू," अंडेवाली म्हणाली होती, आणि तेही दुसऱ्याच गिऱ्हाइकाकडे बघत. त्या दिवसापासून काकूंनी त्या दुकानाची पायरी सोडली. अंड्यावाचून घरात कुणाचं अडत नव्हतं. मुलगा बोटीवर कामाला, आठ-आठ महिने त्याचा पत्ता नाही. सूनबाई डेअरीच्या प्रयोगशाळेत, तिचं जेवण डब्यात. आणि काका जे ताटात पडेल ते खाली मान घालून खायचे.

तरीही एका सोमवारी सकाळी काकू त्याच फळीसमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "दोन डझन दे." हे म्हणताना त्यांच्या जिवाला काय झालं असेल ते त्यांचं त्यांना माहीत. पण प्रश्न काकांच्या पायाचा होता.

काकांनी एकतीस वर्षं एका सरकारी कचेरीत लिफ्ट चालवली. एवढं वर-खाली करून माणूस कुठेच पोहोचला नाही, असं काकू चारचौघांत म्हणत, आणि काकाही हसत. रक्तात साखर जुनीच होती. त्यात नवीन बूट चावला, डाव्या पायाच्या बोटांपाशी फोड आला, फोडाची जखम झाली आणि जखम चार महिने मिटेना. शेवटी मोठ्या इस्पितळात ठरलं की मांडीची कातडी काढून तिथे लावायची. तारीख मिळाली. तारीख मिळणं ही काय चीज असते ते ज्यानं इस्पितळाच्या बाकावर चार महिने काढलेत त्यालाच विचारावं.

पण त्याआधी रक्त तपासलं. डॉक्टरीणबाई वयानं काकूंच्या नातीसारखी. कागद बघत म्हणाली, "प्रोटीन फार कमी आहे. दोन पूर्णांक चार. तीनच्या वर गेल्याशिवाय लावलेली कातडी धरणार नाही. घरी जेवण नीट होत नाही का?"

बाकावर सहा माणसं बसली होती. सहाही जणांनी काकूंकडे बघितलं.

काकू चौथीपर्यंत शिकलेल्या. अक्षरं लावून वाचता येत, सही येत होती, आणि एवढ्या भांडवलावर त्यांनी त्रेचाळीस वर्षं घर असं चालवलं की कुणाची बोट दाखवायची छाती नव्हती. नापास होणं त्यांना ठाऊक नव्हतं, कारण परीक्षेला बसायची वेळच आली नव्हती. आणि आता या पोरीनं काकांच्या रक्तातून काकूंच्या स्वयंपाकघराचा निकाल काढला होता: दोन पूर्णांक चार. नापास.

"जेवण होतं," काकू म्हणाल्या. "तुमच्या मशीनला भूक नसेल."

डॉक्टरीणबाई हसली नाही. "एकवीस दिवस आहेत. आकडा वाढला नाही तर तारीख पुढच्या माणसाला जाईल. मग जखम थांबणार नाही. बोटं काढावी लागतील. कदाचित पाऊलसुद्धा."

काकांनी खाली आपल्या पावलाकडे बघितलं. असं बघितलं की जणू ते दुसऱ्या कुणाचं आहे आणि आपण फक्त सांभाळायला घेतलंय.

आहाराच्या खिडकीवर एक छापील तक्ता मिळाला. त्यात रोजची चार अंडी होती. पहिल्या दिवशी काकूंनी चार अंडी उकडून समोर ठेवली. काकांची कवळी नवी, हिरड्यांना टोचणारी. पहिलं अंडं खायला त्यांना पाऊण तास लागला. पिवळा बलक घशात बसला, ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं. दुसऱ्या अंड्याकडे ते असे बघत राहिले की काकूंनाच वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की काकूंना राग येतो.

या इमारतीत एखाद्याच्या घरात ठसका लागला तर दोन मजल्यांवर सल्ला तयार असतो. दुसऱ्या मजल्यावर एक व्यायामवाला राहतो. त्याचं खरं नाव त्याच्या आईलाच ठाऊक; सगळे त्याला डंबेल म्हणतात. मनानं चांगला, पण दारातून सरळ येत नाही, खांदे मावत नाहीत म्हणून तिरका येतो. तो तिरका आला.

"उकडताय कशाला, काकू? उकडलं की सगळी ताकद पाण्यात जाते. कच्चं फोडायचं, पेल्यात टाकायचं, गट्‌! चावायचं नाही, काही नाही. मी रोज सहा घेतो." असं म्हणून त्यानं दंड फुगवून दाखवला. काकूंनी दंडाकडे बघितलं, मग काकांच्या दंडाकडे बघितलं. काकांचा दंड म्हणजे सदऱ्याच्या बाहीत विसरलेली काठी.

वरच्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर सल्ला द्यायला नाही, पण चर्चेला आले. कच्चं अंडं सुरक्षित असतं का, या प्रश्नावर ते म्हणाले, "वहिनी, सुरक्षित काय आहे हो? आपला जिना सुरक्षित आहे का?" जिन्याची एक पायरी फुटली होती आणि तिच्यासाठी मास्तरांनी अकरा अर्ज केले होते. ते पुढचा अर्धा तास पायरीवर बोलले. अंड्याचा प्रश्न पायरीवरून घसरून पडला तो पडलाच.

विरोधात एकटी सूनबाई. ती संध्याकाळी डबा घासता घासता म्हणाली, "आई, कच्चं नका देऊ. पोटाला बाधतं. मऊ भातात फेटून शिजवा, तेही घशाखाली उतरेल."

खरं तर बोलणं सरळ होतं. पण ते सुनेच्या तोंडून आलं, आणि तेही पाठ करून उभ्या सुनेच्या. काकू म्हणाल्या, "तुझ्या प्रयोगशाळेत माणसं तपासतात की दूध?"

"दूध."

"मग दुधाचं बघ."

सूनबाईनं नळ बंद केला आणि आत गेली. तिची हीच रीत. भांडली असती तर काकूंनी कदाचित ऐकलं असतं. भांडणाऱ्या माणसाबद्दल त्यांना आदर होता.

आता कच्चंच द्यायचं ठरल्यावर काकूंसमोर स्वच्छतेचा प्रश्न उभा राहिला, आणि इथे त्या कुणाला हार जाणाऱ्या नव्हत्या. काकू बाजारातून आलेली प्रत्येक वस्तू धुऊन घेत. भाजी धूत, फळं धूत, दुधाच्या पिशव्या धूत. नवा साबण आणला तर तोही आधी धूत, कारण दुकानदारानं कोणत्या हातानं उचलला कुणी बघितलंय? अंडेवालीच्या अंड्यांना तर काडीकचरा, कोंबडीची विष्ठा, क्वचित एखादं पीसही चिकटलेलं असे. उकडायचं असतं तर टरफल फेकून दिलं असतं. पण कच्चं अंडं पेल्याच्या काठावर फोडायचं, म्हणजे टरफलावरची घाण पेल्यात. त्यांचा हिशेब अगदी बिनतोड होता.

त्यांनी न्हाणीघरातली हिरवी बादली घासली, थंड पाण्यानं भरली, आणि दोन डझन अंडी तिच्यात बुडवली; ती संपत आली की आणखी दोन डझन. दुपारी बुडवायची, सकाळपर्यंत घाण सुटते, मग काथ्यानं हलकं घासायचं. गल्लीत पाणी एक दिवसाआड येई, तेव्हा तेच पाणी दोन-दोन, तीन-तीन दिवस वापरायचं. पाणी गढूळ होई तसा काकूंना आनंद होई. बघा, किती घाण निघाली! घासलेली अंडी टोपलीत अशी चमकत की डंबेलनं विचारलं, "कुठल्या दुकानची, काकू?" काकूंनी उत्तर दिलं नाही. चांगल्या कामाची जाहिरात करायची नसते.

रोज सकाळी काका पाटावर बसत. काकू पेल्यात चार अंडी फोडत, वर दूध घालत, चमच्यानं ढवळत. काका पेला दोन्ही हातांनी धरत, डोळे मिटत आणि एका दमात रिकामा करत. मग बराच वेळ डोळे उघडत नसत.

"कसं वाटतंय?"

"ठीक."

आठ दिवसांत काकांच्या गालावर रंग आला, असं काकूंचं म्हणणं. सूनबाईच्या मते तो खिडकीच्या नव्या पडद्याचा रंग होता, पण तिला कुणी विचारलं नव्हतं. काकूंनी डॉक्टरीणबाईला काय सुनवायचं तेसुद्धा मनाशी जुळवून ठेवलं होतं. पहिलं वाक्य असं होतं: "आता मशीनला विचारा, पोट भरलं का?"

अकराव्या दिवशी दुपारी काका न्हाणीघरात गेले आणि बाहेर आले नाहीत. काकूंनी दार ढकललं तेव्हा ते बादलीशेजारी भिंतीला टेकून बसले होते, अंग तव्यासारखं तापलेलं, लेंगा भरलेला. चार दिवसांपासून पोट बिघडलं होतं म्हणे. चार दिवस! आणि रोज सकाळी हा माणूस पेला रिकामा करत होता.

डंबेलनं त्यांना उचलून जिना उतरवला. फुटक्या पायरीवर तो अडखळला, पण पडला नाही. एवढं एक बरं झालं त्या दिवशी.

इस्पितळात दुसरा वॉर्ड, दुसरा कागद. रक्तात जंतू सापडले, अंड्यातून येतात तेच. आठवडाभर सलाईन. पोटात घास नाही, औषध नाही टिकत. डॉक्टरीणबाईनं आकडा सांगितला: एक पूर्णांक नऊ. तारीख पलंग क्रमांक अकराच्या माणसाला गेली. त्याच्या बायकोनं येऊन काकूंना सांगितलं, "तुमच्यामुळे आमचं लवकर झालं हो," आणि ती खरंच मनापासून म्हणाली. काकूंनी काकांच्या पायांवरचं पांघरूण सारखं केलं.

पण काकूंचा स्वभाव असा की दुःख त्यांच्याजवळ फार वेळ दुःख म्हणून राहत नाही. त्याचा दुसऱ्या दिवशी राग होतो, आणि रागाला पत्ता लागतो. पत्ता समोरच होता. फळीमागे, स्टुलावर.

आरोग्य खात्याच्या कचेरीत तक्रारीची खिडकी तीन नंबरची. तीन नंबरवर सांगितलं, अर्ज पाच नंबरला मिळतो. पाच नंबरवरचा माणूस जेवायला गेलेला. तो आल्यावर कळलं की खरेदीची पावती लागते. "अंड्यांची पावती?" काकू म्हणाल्या. "कोंबडीची सही पण आणू का?" कारकुनानं मान वर केली, आणि पावतीचा रकाना त्यानं गुपचूप रेघ मारून सोडून दिला. मग नमुना हवा. काकू तयारीनं आल्या होत्या. टोपलीतली उरलेली पाच अंडी त्यांनी टेबलावर मांडली.

कारकून अंड्यांकडे बघत राहिला. "ही दुकानातली वाटत नाहीत, काकू. इतकी स्वच्छ अंडी मी जन्मात बघितली नाहीत."

काकूंना बरं वाटलं. त्या सगळ्या आठवड्यात कुणी त्यांच्याबद्दल बोललेला तो पहिला चांगला शब्द होता.

चौथ्या दिवशी अंडेवालीच्या दुकानाला सील लागलं. काकू इस्पितळात डबा घेऊन जाताना तिथूनच गेल्या. अंडेवाली बंद फळीसमोर त्याच स्टुलावर बसली होती. दुकान बंद झालं तरी बसायला तर हवंच. तिनं काकूंना बघितलं आणि विचारलं, "काकांना कसं आहे?" काकूंनी मान वळवली नाही. आता ही रीत काकूंनी उचलली होती.

मग एका सकाळी निरीक्षक घरी आला. बारीक माणूस, काखेत फाईल, आवाज असा की प्रत्येक वाक्याची माफी मागतोय. दुकानातली अंडी तपासली, म्हणाला. आत काही निघालं नाही. त्याच खेपेची अंडी चाळीस घरांत गेली, कुणी आजारी नाही. तुमच्या पाचही अंड्यांच्या आत मात्र जंतू आहेत. तेव्हा जरा तुम्ही अंडी कशी ठेवता ते बघायचं होतं.

काकूंच्या स्वयंपाकघरात कुणी चूक शोधायला येणार, याचा त्यांना अपमान नाही, आनंद झाला. बघ म्हणावं! त्यांनी त्याला ओटा दाखवला, ज्यात तोंड दिसावं. फडकी दाखवली, रोजची वेगळी. मग त्याला न्हाणीघरापाशी नेलं आणि सगळं करून दाखवलं: अशी अंडी घालायची, अशी बुडली पाहिजेत, असा काथ्या फिरवायचा. बादलीत पाणी होतंच. सूनबाई कामावर जायला निघाली होती, ती चप्पल घालता घालता थांबली.

"अंड्यांचं पाणी किती दिवस ठेवायचात?" निरीक्षकानं विचारलं.

"तीन दिवस. पाणी काय फुकट येतं?"

निरीक्षकानं लिहिलं नाही. पेनाला टोपण लावलं. "काकू, अंड्याच्या टरफलाला बारीक बारीक छिद्रं असतात. त्यावर एक पापुद्रा असतो, तो घाण आत जाऊ देत नाही. थंड पाण्यात भिजवलं, घासलं, की पापुद्रा निघतो. आणि अंडं ते पाणी आत ओढून घेतं. एकाची घाण सगळ्यांत. मळकं अंडं कोरड्या फडक्यानं पुसायचं, आणि शिजवायचं. शिजवलं असतं तरी काही झालं नसतं."

"ताकदीसाठी कच्चं दिलं."

"कच्च्यातलं निम्मंच अंगी लागतं," तो अगदी हळू म्हणाला.

काकूंनी सूनबाईकडे बघितलं. आता ती बोलेल, याची त्या वाट बघत होत्या. बोलली असती तर भांडता आलं असतं. सूनबाईनं चपला काढल्या, बादली उचलली, मोरीत ओतली आणि पालथी घातली. मग कामावर गेली.

निरीक्षक जाताना म्हणाला की तुम्ही तक्रार मागे घेतलीत तर सील आजच निघेल, नाहीतर कागद वरून फिरून यायला महिना. काकू म्हणाल्या, "बघते." बघते म्हणजे नाही, हे गल्लीतल्या लहान मुलालाही ठाऊक होतं.

दोन दिवसांनी डॉक्टरीणबाईनं काकूंना बाहेर बोलावलं. दोन बोटं काळी पडली आहेत. आजच काढावी लागतील. पाऊल बहुतेक वाचेल. बहुतेक हा शब्द तिनं दोनदा वापरला.

काकांना ढकलगाडीवर घेतलं तेव्हा काकू शेजारून चालत होत्या. काकांचा चेहरा इतका लहान झाला होता की उशीच मोठी दिसत होती.

"अहो, चार दिवस पोट बिघडलेलं. बोलला का नाहीत?"

"तू एवढं धुऊन-पुसून देत होतीस."

"म्हणून प्यायचं?"

"मला अंडं आवडत नाही गं. कधीच आवडलं नाही."

"मग सांगायचं होतं!"

"केव्हा?" काका म्हणाले.

टोमणा नव्हता. तो माणूस खरंच विचारत होता. त्रेचाळीस वर्षांतली कोणती वेळ त्याला मोकळी होती, ते त्याला जाणून घ्यायचं होतं. गाडी दाराच्या आत गेली, दार दोन्ही बाजूंनी झुललं आणि थांबलं. काकू तिथेच उभ्या राहिल्या. कुणीतरी बसायला सांगितलं. त्या बसल्या नाहीत.

संध्याकाळी पाच वाजता कळलं की दोन बोटं गेली, पाऊल राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू तीन नंबरच्या खिडकीवर गेल्या, तिथून पाच नंबरला, तिथून परत तीनला. तोच कारकून.

"तक्रार मागे घेण्याचं कारण लिहावं लागतं, काकू. काय लिहू?"

"लिहा, बाईची चूक होती."

"कोणत्या बाईची? अर्जात दोन बाया आहेत."

खिडकीमागे रांग होती. मागच्या माणसानं घसा खाकरला. काकूंनी पदर सारखा केला, आणि मोठ्यानं, शेवटच्या माणसालाही ऐकू जाईल असं सांगितलं, "तक्रार करणारीची." कारकुनानं लिहिलं, कागद पुढे सरकवला. काकूंनी एकेक अक्षर दाबून सही केली. सही करायला त्यांना एरवीही वेळ लागे. आज जास्त लागला.

शिपाई सील काढायला निघाला, तशा काकू त्याच्यामागे चालत गेल्या. त्यानं लाख फोडली, दोरी कापली आणि निघून गेला. अंडेवालीनं फळी उघडली. आत राहिलेली अंडी सडली असावीत. वास रस्त्यापर्यंत आला. तिनं नाकाला पदर लावला. स्टूल ओढलं आणि बसली.

"काका?" तिनं विचारलं.

"दोन बोटं गेली," काकू म्हणाल्या. मग त्यांनी खांब धरला, कारण गुडघे खरंच दुखत होते. "हे बघ, तू उद्धट आहेस. होतीस आणि राहशील, त्यातलं एक अक्षर मी परत घेणार नाही. पण तुझी अंडी चांगली होती. ती माझ्या घरात येऊन वाईट झाली, आणि यांची बोटं मी माझ्या हातानं घालवली. हे आज तुला तोंडावर सांगितलं, ऐकून ठेव. पुन्हा कधी चारचौघांत विचारलंस, तर साफ नाही म्हणेन."